शर्विनचा न धुतलेला शर्ट

“हा कोणी धुतला?” राजनने विचारलं. विचारण्यात अर्थ नव्हता. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या त्या घरात कपडे धुणारी एकच बाई होती आणि ती चिमटे हातात घेऊन समोर उभी होती.

मागच्या बागेत, पद्मजाच्या दोन कुर्त्यांच्या मधोमध, शर्विनचा आतला शर्ट वाळत होता. स्वच्छ, पांढराफेक. गळ्याखालचा तपकिरी डाग, ज्याला अख्खा संघ मॅचआधी बोट लावायचा, तो साफ गेला होता.

“हळू बोल. वर शर्व्या झोपलाय.”

मग राजन दबक्या आवाजात ओरडला. हे काम अवघड असतं. मानेच्या शिरा दुप्पट फुगतात.

“आज फायनल आहे, पद्मजा! आज!”

एरवी मॅचच्या दिवशी तो आरामात उठे. आज धास्तीने त्याला पहाटेच जाग आली होती.

शर्विन हा कॅरिबियनमधल्या क्युरासाव बेटावरून आलेला वीस वर्षांचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा. क्लबने त्या वर्षी पहिल्यांदाच खेळाडूंना पगार सुरू केला. पगार दिल्यावर घरं द्यायला काही उरलं नाही, म्हणून ही मिसरूड फुटलेली व्यावसायिक मंडळी सभासदांच्या घरी वाटून दिली. क्लबची वेबसाइट सांभाळणाऱ्या राजनने मीटिंगमध्ये आधी हात वर केला आणि बायकोला नंतर कळवलं. शर्विन तिला ‘तान्ते’ म्हणू लागला. तान्ते म्हणजे मावशी. ती त्याला शर्व्या म्हणे.

एप्रिलमध्ये शर्व्याने पहिली मॅच जिंकून दिली. त्याचे चेंडू झेलणारा कॅचर म्हणाला, आता हा शर्ट सीझन संपेपर्यंत धुवायचा नाही. आणि संघ जिंकत सुटला.

राजन पक्का विज्ञानवादी. चंद्राचा आणि पोटाचा संबंध काय, हे तो पद्मजाला दर संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाता खाता समजावून सांगे. पण शर्टाचं सोवळं त्याने असं कडक पाळलं की त्याच्या आजीनेही पदर तोंडाला लावला असता. शर्ट सायकलींच्या शेडमध्येच टांगायचा, मॅचच्या दिवशीच बाहेर काढायचा, हा नियम त्याचाच. ड्रेसिंग रूममध्ये पोरं एका हाताने नाक दाबत आणि दुसऱ्या हाताने डागाला शिवत. वास येतोय की नाही, हे बघायला कोण नाक सोडतो?

आज हरले तर क्लबला पैसे पुरवणारा प्रायोजक अंग काढून घेणार होता. तो गेला की संघ मोडणार आणि शर्विनला परतीचं विमान.

“मुद्दाम केलंस तू,” राजन म्हणाला. “तुला तो घरात नकोच होता.”

“मला विचारलं होतं कोणी?”

“म्हणून त्याच्या पायावर धोंडा घालायचा? घरात एक अपशकुनी माणूस असलं की...”

वाक्य अर्धंच राहिलं, पण ऐकू पूर्ण गेलं. पद्मजाचा चेहरा लाल झाला. सासूला, शेजाऱ्याला, खुद्द नगरपालिकेच्या साहेबाला तोंडावर सुनावणारी ही बाई गप्प राहिली, याचं राजनला नवल वाटायला हवं होतं. पण रागात माणसाला स्वतःखेरीज कोणाचं काही दिसत नाही.

त्याने शर्ट हिसकावला. इस्त्री फिरवून वाळवला. गुलाबाच्या वाफ्यातली मूठभर माती घेतली आणि गळ्याखाली चोळायला लागला.

“नुसती माती झडून जाते,” पद्मजा दारातून म्हणाली. “चहाचं पाणी घाल थोडं.”

“चेष्टा सुचतेय तुला?”

“आणि काखेत लाव. तिथे पांढरं दिसलं की लगेच लक्षात येतं.”

राजनने दात खाल्ले. मग चहाचं पाणी घातलं, काखेतही लावलं. बायकोवर राग होता, सल्ल्यावर नव्हता.

मैदानावर तो तिच्याशेजारी बसला नाही. चार रांगा खाली बसला, आणि समोरच्यांनी चेंडू तडकावला की मागे वळून तिच्याकडे असा बघे, जणू बॅट तिच्याच हातात आहे. पद्मजाही नजर हटवत नव्हती. दोघांच्या मधल्या रांगांमधले लोक अंग चोरून बसले होते.

शेवटचा डाव आला. शर्विनच्या संघाकडे एका धावेची आघाडी, आणि समोरच्यांचा गडी बरोबरीच्या धावेसाठी तिसऱ्या बेसवर टपलेला. शर्विनने हात मागे घेतला. चेंडू सुटला. बॅट तिसऱ्यांदाही फिरली ती हवेत, आणि शेवटचा गडी बाद झाला.

मैदानात पोरांचा ढीग झाला. झेंडे, बिअर, रडारड. पगार सुरू झाला त्याच वर्षी अजिंक्यपद!

राजन रांगा ओलांडून वर आला. घसा बसला होता, राग बसला नव्हता.

“जिंकलो. तू असूनसुद्धा. मी होतो म्हणून निस्तरलं. आता चल, त्याच्या तोंडावर सांग काय केलंस ते. माफी माग.”

“चल,” पद्मजा म्हणाली. “मलाही ऐकायचंय.”

कुंपणापाशी शर्विन स्वतःच धावत आला. घामाने निथळत होता. त्याने तिथेच तो शर्ट डोक्यावरून काढला, गोळा केला आणि पद्मजाच्या हातात दिला.

“तान्ते, सीझन संपला,” तो हसत म्हणाला. “आता शर्ट धुतलास की दर वेळेसारखा चिखल फासत बसू नकोस.”