तापातला देव

तुमसरकडच्या एका मॅंगनीज खाणीवर ओडिया मजुरांची चाळ होती. ज्येष्ठ पौर्णिमेच्या अंघोळीनं त्यांच्या लाकडी जगन्नाथाला दरसाल ताप यायचा. मग पंधरवडाभर देवाची खोली बंद, आणि बायका बाहेर बसून ओडिया भजनं म्हणायच्या.

आणीबाणीच्या साली ती खोली झाडायला गेलेली गावातली रुखमा आतच राहिली आणि बाहेरून कुलूप लागलं.

"ओ कुंतलाबाई, मी आत आहो ना. दार उघडा."

भजन थांबलं.

"देव कण्हून राहिले," कुंतला शेजारणीला हळूच म्हणाली. "ताप चढला वाटते."

भजन पुन्हा सुरू झालं.

रुखमानं वळून पाहिलं. चौरंग रिकामा होता. देवाचे ते पापण्या नसलेले वाटोळे डोळे कुठंच नव्हते.

भीतीनं ती डोळे मिटायला गेली. ते मिटेनात.