शाल टाकलेली खुर्ची

जागेवरून उठताना परतायची वेळ पुठ्ठ्याच्या घड्याळावर लावून ते टेबलावर ठेवायचं. ती टळली की जागा गेली, असा विद्यापीठाच्या अभ्यासिकेतला नियम. निळी शाल टाकलेल्या खुर्चीची वेळ टळली, तशी दक्षिण इटलीतल्या नापोलीहून शिकायला आलेली लोरेदाना झटकन तिथं बसली. उद्या तोंडी परीक्षा होती आणि भाड्याच्या खोलीत टेबल नव्हतं. तेवढ्यात खुर्चीवाली धापा टाकत आली. सदऱ्याची बटणं वरखाली, कडेवर रडणारं बाळ. “पाजायला शौचालयाशिवाय जागाच नाही गं. तिथंही रांग. अर्धपोटीच आणलंय याला.” “नियम म्हणजे नियम, बाई! तो भोंगा बाहेर ने,” समोरचा मुलगा खेकसला. लोरेदानानं घड्याळाकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि ती उठली. आईला बसवून तिनं शाल दोघांभोवती लपेटली. “पाज इथंच. बघते कोण उठवतंय.” रडणं थांबलं. खुर्चीमागे उभ्यानंच तिनं पुस्तक उघडलं. लुचण्याच्या आवाजाखेरीज अभ्यासिका चिडीचूप होती.