कोषागार

अण्णांचा शब्दकोश तेवढा घ्यायचा राहिला म्हणून ऋचा त्यांच्या खोलीत गेली, आणि मागे कडी लागली. बाहेरून.

वारा असेल, असं तिला आधी वाटलं. पण वाऱ्याने दार लागतं, कडी लागत नाही.

"आई, कडी लागली बघ."

"लागली नाही. लावली."

खिडकीच्या गजांपलीकडे अंगणात बाळासोची रिक्षा उभी होती. दोन बॅगा ऋचाच्या, एक आईची. ऋचाच्या वडिलांचे, अण्णांचे दिवस करून झाले होते, तिची रजा संपली होती, उद्या सांगलीला कॉलेजात हजर व्हायचं होतं. साताऱ्याचं घर बंद करायचं आणि आईला सांगलीला न्यायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आईने त्यावर हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

"आई, बस जाईल."

"जाऊ दे. घर बंद कसं करणार? चार्ज कुणी घेतलाय?"

ऋचाने दाराला डोकं टेकलं. हा शब्द अण्णांचा. सारी नोकरी त्यांनी ट्रेझरीत काढली. लोक ट्रेझरी म्हणायचे, अण्णा दुरुस्त करायचे: कोषागार. कोष म्हणजे काय, हे तिला पाचवीतच पाठ झालं होतं. तलवारीचं म्यान, न उमललेली कळी, रेशमाच्या किड्याचं घर. "मुळात झाकून ठेवतं ते कोष," अण्णा सांगत. "पैसा नंतर आला. शब्द त्याच्याही नंतर." कोषागारातल्या तिजोरीच्या खोलीला दोन कुलुपं होती, दोन किल्ल्या दोन माणसांकडे. गाव सोडायचं तर आधी किल्ली कुणाच्या तरी हाती द्यायची, म्हणजे चार्ज द्यायचा. निवृत्त झाल्यावर अण्णांनी घराच्या दारालाही दोन कुलुपं लावून घेतली. एक किल्ली त्यांच्या जानव्याला, दुसरी आईच्या कमरेला.

बाळासो खिडकीशी आला. "ताई, निघायचं नव्हं?"

"आईने कोंडलंय मला. आत या आणि कडी काढा."

तो आत आल्याचं तिला ऐकू आलं. मग दारापाशी खुर्ची सरकल्याचा आवाज. आई दाराला पाठ लावून बसली असणार.

"काकू, काय हे?"

"कोषागाराचा नियम आहे, बाळासो. तुला नाही कळायचा."

"आमाला एकच आगार ठाव हाय, काकू. यष्टीचं. आन् तिथली गाडी कुणासाठी थांबत न्हाई."

"अजून एक आहे. कारागार."

ऋचाने हे त्या घरात कितीदा तरी ऐकलं होतं. अण्णा बैठकीतून कोषागार म्हणाले की आई स्वयंपाकघरातून कारागार म्हणायची, आणि अण्णा हसायचे. आज कुणी हसलं नाही.

"माझी आई गेली," आई बाळासोला सांगत होती, "तेव्हा माहेरी, कवठे महांकाळला मी पोचले ती राख सावडून झाल्यावर. किल्ली घ्यायला ह्यांना माणूस मिळेना. मला म्हणाले, जाऊ आपण, चार्ज देतो आणि जाऊ."

मग तिचा आवाज दाराकडे वळला.

"ऋचा, हे तर चार्ज न देताच गेले. दोन्ही किल्ल्या माझ्याकडं राहिल्या. एका माणसाकडं दोन्ही ठेवत नसतात."

लहान मुलाची समजूत घालावी तशी ऋचा म्हणाली, "मग मी घेते."

"घेते नाही. घेतल्या म्हण."

"बरं. घेतल्या."

मग दाराखालच्या फटीतून दोन किल्ल्या आत सरकल्या. एकीला मळलेला करगोटा होता, दुसरीला जानव्याचा तुटका पदर. ऋचाने उचलल्या. एक कोमट होती, एक गार.

"आता काढ कडी."

खुर्ची सरकली. थोड्या वेळाने खिडकीतून आई दिसली, इतक्या वर्षांत चालली नसेल अशी झपाझप अंगण ओलांडताना. तिने रिक्षातल्या ऋचाच्या बॅगा एकेक करून पायरीवर काढून ठेवल्या, पदर खोचला आणि आत बसली.

तिच्या मागोमाग आलेला बाळासो रिक्षाच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिला. "आन् ताई? कोंडूनच ठिवायचं व्हय?"

"कोंडलं नाही रे. चार्ज आहे तिच्याकडं." आईने एकदा खिडकीकडे पाहिलं. "चल. तुझ्या त्या आगारात ने. कवठे महांकाळला कुठली गाडी जाते बघू."

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. ऋचाने काखेतला शब्दकोश खाली ठेवला, मुठीतल्या किल्ल्या पाहिल्या आणि दाराकडे वळली. आतल्या बाजूने त्याला किल्ली घालायला जागाच नव्हती.