ऑक्टोबरात सुरू केलेलं इंजिन

गॅरेजात आलेल्या ट्रकची काच फुटलेली, दार चेपलेलं, पण इंजिन सुरू होतं. बर्फावरून घसरून तो झाडावर आदळला, कुन्नेयचा नवरा जागीच गेला, तेव्हाही ते सुरूच होतं. दिरानं ट्रक तसाच चालवत आणला, सोबत कुन्नेय. सैबेरियात, याकुतियाच्या हिवाळ्यात इंजिन बंद करत नाहीत; गोठलं तर उन्हाळ्यातच जागं होतं. हे नवऱ्यानंच ऑक्टोबरात सुरू केलेलं. “वहिनी, दुरुस्तीला इंजिन बंद करावं लागेल,” न्युर्गुन मिस्त्री म्हणाला. कुन्नेयनं किल्ली धरली, सोडली. “चहा पिऊन करते.” त्यानं वाफाळता कप दिला. ती ट्रकच्या केबिनच्या पायरीवर बसली. इंजिनाचा धूर जावा म्हणून गॅरेजचं दार उघडं होतं. “दार लाव की रे! आमची गोठलेली मासळी करतोस?” वेल्डर ओरडला. न्युर्गुननं तिच्या हातातल्या भरल्या कपाकडे पाहिलं. चहावर बर्फाचा पापुद्रा धरत होता. तो म्हणाला, “वहिनींचा चहा व्हायचाय अजून.”