तीस टक्के

काळवलीतल्या प्रत्येक दारावर एक पाटी होती आणि दरड कोसळण्याची त्या दिवसाची शक्यता तिच्यावर उमटत असे. डोंगराच्या पोटात पुरलेली यंत्रं तो आकडा पाठवत. त्या सकाळी पाट्यांवर तीस टक्के उमटले, तेव्हा भू-अभियंता मृणाल घाडीगावकर गाव रिकामं करायला धावत आली.

"ताई, गेल्या दोन्ही वेळी तीसच होते," सरपंच शेवंताबाई म्हणाल्या. "आम्ही चार-चार दिवस नदीपलीकडच्या शाळेत काढले. इकडे गोठ्यातली गुरं उपाशी मेली, पण डोंगर तसूभर हलला नाही. दहातल्या सात वेळा काही होत नाही, असंच ना?"

पाटीवर दिसतो त्याहून धोका मोठा आहे असं सांगावं, असं मृणालच्या मनात आलं. पण एकदा खोटं पकडलं गेलं की पुन्हा तिचं कोणी ऐकलं नसतं.

"असंच," ती म्हणाली. "पण निदान पोरं तरी माझ्याबरोबर द्या."

शेवंताबाईंनी घरोघर फिरून एकोणीस पोरं गोळा केली. त्यांत त्यांची नात रेवतीही होती. मृणालने सगळ्यांना त्या शाळेत नेलं.

मुलं जेवायला बसली असताना डोंगर खाली आला. मुलं खिडकीशी धावली. पलीकडे एकही घर उरलं नव्हतं, नुसती लाल माती होती.

बऱ्याच वेळाने रेवतीने विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं ना?"

"नक्की माहीत नव्हतं गं."

"मग आजीला काय सांगितलंत?"

मृणालने आजीला खरं तेच सांगितलं होतं. रेवतीसमोर ते तिच्या तोंडून फुटेना.