सागवानी बंगलीचं माप

केडगावच्या पुढे माळावर इंग्रजांच्या काळातली एक सागवानी बंगली आहे. रेल्वेच्या कुणा साहेबाने ती १८८२ साली बांधली. तिचं नाव वारसा यादीत लागलं, म्हणून आर्किटेक्ट वृषाली मोजमाप घ्यायला गेली. राखणदार सहादेवकाकांनी कुलूप काढून दिलं आणि ते अंगणातल्या चिंचेखाली जाऊन बसले.

दुपारचे दोन वाजले होते. दिवाणखाना रिकामा होता. वृषालीने लेझरचं यंत्र भिंतीला टेकवून बटण दाबलं. समोरच्या फळ्यांवर लाल ठिपका उमटला आणि आकडा आला, सहा मीटर दहा.

खात्रीसाठी तिने पुन्हा दाबलं. या वेळी चार मीटर वीस आलं.

यंत्र बिघडलं असेल, असं म्हणत तिने काच पुसली. आता तीन मीटर. समोरच्या फळ्यांवरचा ठिपकाही दिसेनासा झाला होता.

तिने बटणावरचं बोट काढलं, तरी आकडा उतरतच राहिला. दोन मीटर. मग नव्वद सेंटिमीटर.

यंत्र तिथेच टाकून ती धावत सुटली, ती थेट चिंचेपाशी थांबली.

"काय झालं ताई? साप निघाला का?"

"काका, आत कोण राहतं?"

"कुनीच न्हाई. माझ्या बापाच्या वेळंपास्नं कुनी ऱ्हायलं न्हाई."

"माझं यंत्र आत पडलंय..."

सहादेवकाकांचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. ते तिच्या गळ्याखाली एकटक बघत होते. वृषालीने खाली पाहिलं.

तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर, छातीच्या मधोमध, लाल ठिपका येऊन थांबला होता.