तोंडातला बोळा

मोतीबाईच्या खोपटीमागच्या बाभळीवर तो डबा सकाळी येऊन अडकला, तेव्हा आत तिच्या सुनेला, हंसाबाईला, कळा सुरू झाल्या होत्या.

पत्र्याचा लहानसा डबा, वर फाटक्या कापडाची छत्री, मधे दोऱ्या. आभाळातून तरंगत आला आणि लोंबकळत राहिला. जवळ गेलेल्यांना आत टिकटिक ऐकू आली. दिवाळी तोंडावर होती. सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली होती, आणि घाटंजीच्या बाजारात लोक रेडिओभोवती उभे राहून अमेरिका-रशियाच्या अणुबॉम्बच्या बातम्या ऐकत होते. त्यामुळे बंजाऱ्यांच्या त्या तांड्याला वेगळं काही सांगायची गरजच नव्हती. तरी ग्रामसेवक वामनराव सायकल आडवी टाकून धावत आले आणि त्यांनी सांगितलंच.

"अग्निबाणाचा शेंडा आहे हा. पडताक्षणी फुटला नाही, म्हणजे आता निमित्ताची वाट पाहतोय. धक्का लागला, ठिणगी उडाली, कुणी मोठ्यानं ओरडलं, की संपलं. पाच कोसांत काही उरणार नाही. टेकडीआड गेलो तर कदाचित वाचू."

वामनराव खोटं बोलत नव्हते. पेपरात वाचलेलं आणि पारावर ऐकलेलं त्यांच्या डोक्यात एक झालं होतं.

तांडा निघाला. बैलांच्या गळ्यातले घुंगरू सोडले, चुली पाण्यानं विझवल्या, कुत्र्यांची तोंडं दोरीनं बांधली. बायकांनी पायातले वाळे काढून ओच्यात घेतले. मोतीबाईचा मुलगा रूपसिंग मात्र दारातून हलेना.

"तू जाय," मोतीबाई म्हणाली. "बसंतीले उचल अन् जाय. इथं तुहं काही काम नाही."

रूपसिंगनं तीन वर्षांच्या लेकीला खांद्यावर घेतलं. वामनराव मागे थांबले होते. दाराशी वाकून ते हळूच म्हणाले, "मोतीबाई, सुनेच्या तोंडून आवाज निघता कामा नये. सगळ्यांचा जीव तुमच्या हातात आहे."

मोतीबाईनं ओढणीचं टोक फाडलं, त्याचा बोळा केला आणि हंसाबाईच्या तोंडात दिला.

तांडा रिकामा झाला. तुरकाठ्यांच्या कुडापलीकडून टिकटिक स्पष्ट ऐकू येऊ लागली. कळ यायची, हंसाबाईचं सगळं अंग ताणायचं आणि जोर घशातच अडून राहायचा. डोळे बाहेर यायचे, मानेच्या शिरा फुगायच्या. बाळाचं डोकं दिसू लागलं होतं, पण ते पुढे सरकेना. तांड्यातली निम्मी लेकरं मोतीबाईच्याच हातावर जन्मली होती. अडलेली बाई कशी दिसते, ते तिला ठाऊक होतं. हंसाबाईचे ओठ काळेनिळे पडायला लागले, तेव्हा तिनं बोळ्याला हात घातला.

हंसाबाईनं तो दातांत घट्ट धरला. मान हलवली. हात उचलून टेकडीकडे दाखवलं.

"मले समजते, पोरी. बसंती हाये तिकडं. सारेच हायेत." मोतीबाई कुजबुजली. तिचाही त्या डब्यावर पुरता विश्वास होता. "पण तुहा श्वास कोंडून राह्यला. हे लेकरू मधातच मरन. सोड."

हंसाबाई सोडेना. मोतीबाईनं तिचं नाक चिमटीत धरलं. तोंड उघडलं तसा बोळा ओढून काढला आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले.

"ओरड."

"याडी!" हंसाबाईनं आईला हाक मारत अशी किंकाळी फोडली की बाभळीवरचे होले उडून गेले. मोतीबाई तिच्यावर पालथी पडली होती. तिनं वाट पाहिली. टिकटिक तशीच चालू होती. दुसरी कळ आली. दुसरी किंकाळी आली. मग बाळ एकदमच हातात आलं, निळं, मुकं.

ते रडत नव्हतं. मोतीबाईनं त्याला पायांना धरून उलटं केलं आणि पाठीवर थापट मारली. मग जोरानं आणखी एक. तेव्हा कुठे ते रडलं, आणि रडतच राहिलं.

ऊन कलल्यावर घाटंजीहून सरकारी जीप आली. जीपमधल्या अधिकाऱ्यानं डबा झाडावरून काढला, मागचं झाकण उघडलं आणि आतलं घड्याळाचं चक्र बोटानं थांबवलं.

"हवामानाचं यंत्र आहे. फुग्याला बांधून वर सोडतात," तो जीप पाहून टेकडीआडून परतलेल्या लोकांना म्हणाला. "आणि खरा अणुबॉम्ब असता, तरी ओरडण्यानं फुटला नसता. आतल्या सगळ्या कळा नेमक्या क्षणी जुळाव्या लागतात, तेव्हा तो फुटतो. आवाजाचं त्याला काही नाही."

लोक हसले. कुणीतरी वामनरावांच्या पाठीवर थाप मारली. तेही ओशाळून हसले. मग मोतीबाईकडे वळून म्हणाले, "तरी धन्य आहे तुमची. ब्र काढू दिला नाहीत पोरीला."

"कसं काय काढू दिला नाही?" मोतीबाई म्हणाली. "लई ओरडली. बोळा मीच काढला."

हसणं थांबलं. शेजारची बिजलीबाई पुढे आली. तिच्या कडेवर तिचं तान्हं होतं.

"डब्यात काही नाही, हे तुले तवा ठाऊक होतं?"

"नाही."

"आमची लेकरं टेकडीमागं होती, मोतीबाई."

"माही बसंतीही होती."

बिजलीबाईनं कडेवरचं तान्हं छातीशी घेतलं. रूपसिंग आईकडे पाहत होता. त्याचा हात लेकीच्या डोक्यावर होता. खोपटीत बाळ पुन्हा रडू लागलं, तशी मोतीबाई आत जायला वळली. दारात उभ्या बायकांनी तिला वाट करून दिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच.